डोमाने नाव घेतलं

आमच्या आणि डोमाच्या घरात एकच भिंत होती. ट्रलीत, त्या आयरिश गावात, तशी जुळी घरं रांगेने उभी असतात, एका घरातला जिना दुसऱ्या घरातल्या जिन्याला पाठ लावून. त्यामुळे डोमा कधी उठते, कधी खाली येते, कधी किटली लावते हे आम्हाला घरबसल्या कळायचं, आणि आमच्याकडे आई बाबांना कशावरून झापते आहे ते तिला. डोमाची पावलं हलकी होती. ती पूर्ण जिना उतरून गेली तरी कान देऊन बसल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वर्षी चैत्रात भिंतीपलीकडून जी पावलं ऐकू यायला लागली ती हलकी नव्हती. जड बूट घातलेल्या, दमून आलेल्या पुरुषाची होती. आणि डोमाच्या घरात पुरुष नव्हता.

बाबा तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. नागपूरहून आम्ही तिघं आलो तेव्हा मी शाळेत होते आणि आई रिकामी होती, आणि माझी आई रिकामी असणं ही कुणाच्याच फायद्याची गोष्ट नव्हती. नागपुरात तिच्यामागे मंडळ, भिशी, शेजारणी, भांडणं असा मोठा व्याप असायचा. ट्रलीत पाऊस होता. पाऊस नसला की पाऊस येणार आहे यावर बोलणारी माणसं होती, आणि आईला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही. बाबा म्हणायचे, "मलाही कळत नाही, पण पेशंट झोपलेले असतात म्हणून निभतं." अशात एक दिवस बाबांनी बातमी आणली की वॉर्डात पेशंटना चहा-जेवण देणारी एक बाई आहे, शेर्पा आहे, उत्तम हिंदी बोलते आणि आपल्या शेजारच्याच घरात राहते. आई त्याच पावली चपला घालून गेली. संध्याकाळी परत आली ती डोमाला घेऊनच.

तेव्हापासून डोमा आमच्याकडे आणि आई तिच्याकडे. दोघींची हिंदी आपापली होती. डोमाची ट्रेकिंगवाल्यांना चहा देता देता शिकलेली, आईची नागपुरी. पण गाडी कुठे अडली नाही. डोमा कच्चे बटाटे किसून, त्यात थोडं पीठ घालून तव्यावर जाड धिरडी घालायची आणि वर केरीच्या, म्हणजे आमच्या तिथल्या जिल्ह्याच्या, लोण्याचा गोळा ठेवायची. त्यांच्याकडे याकच्या मादीचं लोणी असतं, ती म्हणायची, पण इथल्या गाईही गवतच खातात, चालतं. त्या धिरड्यांबरोबर मिरचीचा झणझणीत ठेचा असायचा. आईने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ती म्हणाली, "ही बाई आपलीच आहे."

खाताना डोमा गावाचं सांगायची. तिचं गाव शेर्पांच्या डोंगरात, थामे नावाच्या गावाच्याही वर. खालून चालत येणारा माणूस गावागावातून चढत येतो, तिने आम्हाला किती वेळा चालवत नेलं असेल तिथून. आधी देवदारांतली वाट आणि खाली पांढरी नदी, मग झाडं बुटकी होतात, मग संपतात. दगडी कुंपणांची बटाट्याची शेतं, निळ्या खिडक्यांची घरं, छपरावरून ताणलेल्या पताका. गावाच्या तोंडाशी मंत्र कोरलेल्या दगडांची लांब भिंत, आणि ती नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं. दुपारनंतर ढग दरीतून वर चढतो आणि पलीकडच्या घरातल्या माणसाचा आवाज येतो पण घर दिसत नाही. पुढे, नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर, मी ती वाट खरोखर चालून आले. नवीन काहीच वाटलं नाही. वळणावर भिंत कुठे येणार हे मला आधीच माहीत होतं, आणि उजवा हात आपोआप तिच्याकडे गेला.

त्या वाटेवरूनच डोमाचा नवरा आला होता. केरीचा माणूस, इलेक्ट्रिशियन, डोंगरांचं वेड. तिच्या वडलांच्या लॉजवर तापाने आडवा झाला तो महिनाभर हलला नाही. ताप केव्हाच उतरला होता, असं डोमा हसून सांगायची. त्याने तिची भाषा शिकून घेतली, तिच्याशी लग्न केलं आणि तिला इथे आणलं. मग एका हिवाळ्यात तो इथल्याच रीक्सच्या डोंगरात एकटा गेला आणि परतला नाही. शोधणाऱ्यांना एका तळ्याच्या काठी त्याची सॅक मिळाली. तो मिळाला नाही. हे सगळं आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं, कारण डोमा त्याच्याबद्दल बोलायची ते फक्त "ते" म्हणून. नाव कधीच नाही. आईला त्यात वावगं वाटलं नाही. आईसुद्धा बाबांना जन्मभर "अहो" आणि "हे" म्हणत आली. मीही इथे त्याचं नाव लिहिणार नाही. लिहायला काय हरकत आहे, असं वाटून एकदा पेन टेकवलं होतं, पण नको.

चैत्र लागला तसं आईने हळदीकुंकू ठरवलं. कैऱ्या कुठून मिळणार. तिने इथली स्वयंपाकाची आंबट सफरचंदं आणली, ती किसून वाटल्या डाळीत घातली, वर हिंग-मोहरीची फोडणी. उरलेली उकडून त्यांचं पन्हं केलं. हरभरे भिजवले. टीव्हीच्या टेबलावर चैत्रगौर बसली. हॉस्पिटलातल्या आणखी दोन डॉक्टरांच्या बायका आल्या, एक पुण्याची, एक मुंबईची, आणि आईने डोमाला बोलावलं. हे तिने विचार करून केलं होतं. नागपूरच्या घरी आत्याआजी हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहायच्या, कारण त्या विधवा. आईने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरात हे चालायचं नाही. तिने डोमाला कुंकू लावलं, ओटी भरली, पुण्याच्या काकूंनी भुवई वर केली ती दुर्लक्षली. आणि मग उखाण्यांची वेळ आली. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर आई डोमाकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "आता तू. काही कविताबिविता नको. डोंगराचं काहीतरी म्हण आणि त्यांचं नाव घे. आमच्यात शुभ असतं."

डोमाने मान हलवली. नको म्हणाली. मग आपल्या बायका जे करतात ते त्यांनी केलं. घ्या हो, घ्या, लाजताय काय, नाव घ्या. डोमा पुन्हा नको म्हणाली. पुन्हा घ्या, घ्या. शेर्पांच्या घरी पाहुण्याला काही देताना असाच आग्रह करतात हे मला मागाहून कळलं. पाहुण्याने आधी नाही म्हणायचं, यजमानाने "शे, शे" करत पेला पुढे करत राहायचा, आणि तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर तो घरधनिणीचा अपमान. डोमाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली मान घालून, कविता नाही की काही नाही, तिने नुसतं त्याचं नाव उच्चारलं. पहिलं आणि आडनाव, दोन्ही, स्पष्ट. हाक मारल्यासारखं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, आणि कुंकवाखालचा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. डाळ तशीच ठेवून ती उठली आणि गेली.

बुटांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो त्याच आठवड्यात, शाळेतून आल्यावर. आई डाळ-तांदूळ निवडत बसली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी जिन्याशी आलं, खालच्या पायरीवर बसलं, आणि एकामागून एक दोन जड वस्तू जमिनीवर टेकल्या. बूट काढले की होतो तो आवाज. मी म्हटलं, "डोमामावशीकडे कोण आलंय?" आई म्हणाली, "डोमा ड्यूटीवर आहे." मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत बसलो. पुढे काही झालं नाही. पायऱ्या चढल्याचा आवाज आला नाही, दार उघडलं नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, लाकडी जिने आहेत, ओलीने फुगतात, आवाज करतात. पुन्हा झालं तेव्हा बाबा घरी होते. त्यांनी पेपर खाली केला, ऐकलं, पेपर वर धरला आणि बराच वेळ पान उलटलं नाही. त्यानंतर त्यांनी जिन्यांच्या ओलीचा विषय काढला नाही. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. भिंतीच्या बाजूचा माझा पलंग मी स्वतः ओढून खिडकीखाली नेला.

डोमा मात्र घाबरली नव्हती. आईला त्याचीच धास्ती होती. ती खुशीत होती. ड्यूटी बुडवायला लागली. आम्ही गेलो तर दार अर्धवट उघडून बोलायची आणि आत कुणीतरी थांबलं असल्यासारखी मागे बघायची. आत ओल्या लोकरीचा वास यायचा. बटाटे किसायची, पण स्वतः खायची नाही. गालफडं बसली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी एका दुपारी आई तिला बाजूला सारून घरात शिरली आणि स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. मी दारात. "काय करून राहिली तू डोमा? आरशात पाहिलं का स्वतःला?"

डोमाने शांतपणे सांगितलं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, दीदी. नाव घेतलं की तो येतो. गेलेल्याला आपण गेलो हे कळत नाही. तो घरी येतो, बोलतो, आणि कुणी उत्तर देत नाही म्हणून त्याला वाईट वाटतं. म्हणून लामा मृताच्या उशाशी बसून त्याला सांगतो, तू मेलास, आता इथे तुझं काही नाही, पुढे जा. "ह्यांना कुणी सांगितलंच नाही. देह नव्हता. इथल्या चर्चमध्ये गाणी म्हटली, माझ्याशी हात मिळवले, बस. ते रोज येतात. जिन्यापाशी बसून बूट काढतात. वर येत नाहीत."

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मीच तुला नाव घ्यायला लावलं," ती म्हणाली. "तुम्हाला काय माहीत, दीदी." "मग तू सांग ना त्यांना. लामा नाही तर तू सांग." डोमा हसली. "मी सांगितलं तर ते जातील," ती म्हणाली. त्या घरातला तो दुपारचा उजेड, दूध फाटल्यासारखा, मला अजून आवडत नाही. आईने तिचं मनगट धरून तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, "डोमा, ते जाणार नाहीत तर तू जाशील. दिसतंय मला. मी भिंतीपलीकडे बसून ते ऐकायचं?"

कसं वळवलं कोण जाणे, पण रविवारी त्यांना सांगायला डोमा तयार झाली. घरात नको, ती म्हणाली, घरातून कुणाला घालवू नये. जिथून पुढे वाट आहे अशा जागी सांगायला हवं. रीक्समध्ये एका उंच खोऱ्यात त्याच्या पूर्वजांची वाडी होती, ओसाड पडलेली. लग्नानंतर तो तिला पहिल्यांदा तिथेच घेऊन गेला होता, तुझ्या गावासारखंच आहे बघ म्हणून. बाबा ड्यूटीवर होते. मला घरी एकटं ठेवायला आई तयार नव्हती, आणि भिंतीशेजारी एकटी थांबायला मी. डोमाच्या गाडीतून आम्ही निघालो, रस्ता संपला तिथे गाडी लावली आणि चालायला लागलो. आईने साडीवर बाबांचा रेनकोट आणि पायात माझे जुने शाळेचे बूट घातले होते.

चढ मोठा नव्हता, पण ती वाट मी विसरणार नाही. खाली मेंढ्यांची कोकरं ओरडत होती, वर काहीच नाही. ओढा ओलांडल्यावर छपरं नसलेली दगडी घरं सुरू झाली. दारं होती, खिडक्या होत्या, आत गवत. मागच्या उतारावर गवताखाली लांबच लांब उंचवटे, एकाशेजारी एक, डोंगराच्या पार वरपर्यंत. डोमा थांबली. "बटाट्याचे वाफे," ती म्हणाली. "आमच्याकडे असेच घालतात. माणसं गेली, वाफे राहिले." ती प्रत्येक पडकी भिंत उजव्या हाताला ठेवून चालत होती, त्यासाठी चिखलातून वळसा पडला तरी. आम्हीही तिच्यामागे तशाच. आणि आमच्यामागे आणखी कुणीतरी. आधी वाटलं दगड घरंगळतायत. मग कळलं की आम्ही थांबलो की तेही थांबतं. मी आईचा रेनकोट घट्ट धरला. आई पुढे बघत म्हणाली, "चालत राहा. येऊ दे. त्यांच्यासाठीच आलो आहोत."

वाडीतल्या शेवटच्या घराशी पोचलो आणि ढग उतरला. दरी गेली, वाफे गेले, समोरची भिंतही अर्धी गेली. डोमाने आणलेली सुकी धुपाची पानं दगडाच्या आडोशाला पेटवली, चारही दिशांना तांदूळ उडवले, घर उजव्या हाताला ठेवून त्याला फेरी घातली आणि उंबऱ्याच्या दगडावर बसली. धूर वर जायला तयार नव्हता, आमच्याभोवतीच रेंगाळत होता. बुटांचा आवाज ढगात, अगदी जवळ येऊन थांबला. डोमाने तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, मग मान हलवली आणि शालीत हात ओढून घेतले. "दीदी, तुम्ही दोघी खाली जा," ती म्हणाली, फार गोड आवाजात. "मी इथेच बसते जरा. मला थंडी वाजत नाही." तिचे ओठ निळे पडले होते.

मला रडू फुटलं. आईने मात्र पदर खोचला, रेनकोटासकट, आणि त्या ढगाकडे तोंड करून उभी राहिली. आणि जन्मभर परपुरुषाशी मान खाली घालून बोललेली माझी आई खणखणीत मराठीत बोलायला लागली. "अहो भाऊ, ऐकता का? तुम्ही वारलात. दोन हिवाळे झाले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही आमची सगळ्यांची चूक, पण आता मी सांगते. तुम्ही या जगात नाही. ही बिचारी तुमच्यासाठी जेवत नाही, झोपत नाही. तिच्यावर माया असेल तर तिच्या जिन्यात बसू नका. तिला मी बघते. माझ्या घराला लागून तिची भिंत आहे, मी कुठे जात नाही. तुम्ही सुखाने पुढे जा." ढग तसाच होता. पलीकडचं कुणी हललं नाही.

मग माझ्या पायाशी काहीतरी खुसखुसलं. डोमा हसत होती. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी वाहत, हसत होती. "त्यांना मराठी कुठे येते, दीदी," ती म्हणाली. ती भिंतीला धरून उठली. आईच्या शेजारी येऊन उभी राहिली, आईचा हात धरला, आणि तिच्या भाषेत, घरी आलेल्या माणसाशी बोलतात तशा आवाजात, तिने त्याला सांगितलं. मला शब्द कळले नाहीत. नाव कळलं. शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला, तरी तिने ते पूर्ण केलं.

आणि ढगातून, हाताच्या अंतरावरून म्हणावं इतक्या जवळून, एक पुरुषी आवाज आला. "राइट सो." केरीतली माणसं दुकानातून निघताना, फोन ठेवताना, गप्पा संपल्या की उठताना म्हणतात तेच. मग बुटांचा आवाज, वरच्या दिशेने, दगडांवरून, सावकाश. तो ऐकू येईनासा होईपर्यंत डोमा उभी राहिली. मग ती खाली बसून लहान मुलीसारखी रडली, आणि आईने तिला रडू दिलं.

आम्ही उतरलो. जे ऐकलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं ते फक्त मलाच ऐकू आलं, आणि सांगितलं तर आपल्यालाच काहीतरी झालंय असं ठरेल. किलार्नी गावाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर डोमाने गाडी थांबवली. तिला भूक लागली होती, ती चहा आणि चिप्स आणायला आत गेली. काचेतून ती काउंटरवरच्या मुलाशी काहीतरी बोलताना दिसत होती. आई पुढच्या सीटवर ओला रेनकोट मांडीवर घेऊन बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, "मी एवढं जीव तोडून सांगितलं, तर हूं की चूं नाही. बायकोने सांगितल्यावर मात्र लगेच."